दहापैकी सातवी

माझ्या मुलीला तिच्या आईची एक प्रिंट हवी होती. कुठलीही नव्हे, एक ठरलेली. ती घरात नव्हती. तिची तांब्याची प्लेट मात्र घरात होती, आणि त्या प्लेटवरून आणखी चार प्रिंट निघायच्या राहिल्या होत्या. निदान वहीप्रमाणे तरी राहिल्या होत्या. वही मी ठेवत होतो.

माझी बायको चित्रकार होती. रंगवायची आणि छापायचीही. तिला जाऊन सव्वा वर्ष झालं. मी चोपन्न वर्षांचा आहे आणि अठ्ठावीस वर्षं एका डेअरीच्या प्रयोगशाळेत दुधाचं फॅट मोजतो. चित्रातलं मला कळतं असं मी कधी म्हटलं नाही. पण तिच्या प्रेसचं चाक अठरा वर्षं मी फिरवलं, त्यामुळे ते किती वेळा फिरवलं हे मला सांगता येतं.

हे काम ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. तांब्याच्या पत्र्यावर पोलादी सुईने ओरखडून चित्र काढायचं. सुई जाते तिथे चर पडते आणि चरीच्या काठाला तांब्याची अगदी बारीक कड वर उठते. बोट फिरवलं तर टोचते. या पद्धतीला ड्रायपॉइंट म्हणतात. त्या उठलेल्या कडेला माझ्या बायकोचा शब्द होता कुसळ. ती हातकणंगल्याजवळच्या शेतकरी घरातली, भाताची कुसळं पायात मोडून घेत वाढलेली. प्लेटवर शाई चोळायची, मग वरची पुसून काढायची. चरीत आणि कुसळात अडकून राहिलेली शाई ओल्या कागदावर उतरते. चरीतल्या शाईने नुसती बारीक रेघ येते. कुसळातल्या शाईने त्या रेघेला काळी, मऊ साय धरते. ती साय हेच खरं काम, असं ती म्हणायची.

पण प्लेट प्रेसच्या रुळाखालून गेली की कुसळ थोडं दबतं. दर खेपेला थोडं. तिच्या अनुभवाप्रमाणे तांब्याच्या प्लेटवर चांगल्या बारा प्रिंट निघायच्या. दोन चाचणीच्या, त्या ती फाडून टाकायची. उरल्या दहा, ती झाली एडिशन. म्हणून प्रत्येक प्रिंटच्या खाली डाव्या बाजूला पेन्सिलीने आकडा लिहायचा: १/१०, २/१०, असं. दहाही एकसारख्या असल्या पाहिजेत. दहा झाल्या की प्लेटवर सुईने कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन रेघा ओढून ती रद्द करायची आणि त्या फुलीसकट एक शेवटची प्रिंट काढून ठेवायची, पुरावा म्हणून. त्या प्रिंटला आकडा नसतो.

"अकरावी काढली तर काय होईल?" मी सुरुवातीला विचारलं होतं.

"काही होणार नाही," ती म्हणाली. "फक्त पहिल्या दहा जणांना मी खोटं बोलले असं होईल."

हे मला पटलं. आमच्याकडे सील केलेल्या नमुन्याचं तसंच असतं.

ती इथल्याच, कोल्हापूरच्या कला महाविद्यालयात शिकली, मग दोन वर्षं बडोद्याला छापचित्रण शिकली. लग्नानंतर हातकणंगल्याच्या एका शाळेत चित्रकलेची शिक्षिका झाली ती शेवटपर्यंत. सकाळच्या गाडीने जायची, दुपारी परत. संध्याकाळी रंगवायची. रविवारी छापायची. कोल्हापुरात पाच प्रदर्शनं झाली, पुण्यात तीन, मुंबईत एक. दिल्लीच्या एका मोठ्या प्रदर्शनात दोनदा निवड झाली. दुसऱ्या वेळी आम्ही दोघं बघायला गेलो आणि तिची प्रिंट जिन्याच्या वळणावर लावलेली सापडली. ती तिथे पाच मिनिटं उभी राहिली आणि म्हणाली, "उजेड चांगलाय इथं." करिअर म्हणतात ते एवढं.

आमच्या प्रयोगशाळेत लोक चेष्टा करायचे. "तुमच्या मिसेस एकच चित्र दहा जणांना देतात म्हणं?"

"हो," मी म्हणायचो. "आणि मी एकच दूध दहा वेळा तपासतो."

प्रेस आम्ही उद्यमनगरात करून घेतला. तयार प्रेस मागवणं आमच्या आवाक्यातलं नव्हतं, म्हणून ती वर्तमानपत्राच्या मागे चित्र काढून एका लेथवाल्याकडे गेली. मी बरोबर होतो. तो माणूस रसवंतीचे चरक बनवायचा. त्याने चित्र उलटसुलट करून बघितलं.

"रूळ दोन, चाक एक. चरकच हाय की हे, वैनी. रस कशाचा काढायचा?"

"शाईचा."

"शाईचा?" त्याने माझ्याकडे बघितलं. "आन् पावणं, तुम्हांला चालतंय व्हय हे?"

"चाक त्यांनाच फिरवायचंय," ती म्हणाली.

त्याने माझा दंड बघितला. "मग गिअर जरा हलका ठेवतो."

तीनशे दहा किलोचा प्रेस चार माणसांनी मागच्या खोलीत आणून ठेवला. तेव्हापासून कामाची वाटणी ठरली. ती शाई लावायची, पुसायची, कागद ठेवायची. मी चाक फिरवायचो आणि वही लिहायचो. कागद किती मिनिटं भिजवला, लोकरीची ब्लँकेटं किती, वरचे स्क्रू किती फेरे आवळले, चाकाचे फेरे किती. ती हसायची, पण दुसऱ्या रविवारी विचारायचीही, "मागच्या वेळी स्क्रू किती होता हो?" मी सांगायचो.

आता त्या चित्राबद्दल. महापूर आला तेव्हाही आम्ही याच घरात, पंचगंगेच्या बाजूला, खालच्या गल्लीत राहत होतो. मुलगी अकरावीला होती. पाणी गल्लीच्या तोंडाशी आलं तेव्हा आम्ही हाताला लागेल ते जेवणाच्या टेबलावर रचलं. खाली तांदळाचा डबा, त्यावर मिक्सर, त्यावर दुमडलेल्या गाद्या, शिलाई मशीनचं डोकं, कागदांचे गठ्ठे, आणि सगळ्यांत वर, डाव्या बाजूला, मुलीची कॉलेजची सॅक. मग बाहेर पडलो. सहा दिवसांनी आलो तेव्हा पाणी टेबलाच्या फळीच्या चार बोटं खाली थांबून गेलं होतं. वरचं सगळं जसंच्या तसं होतं. खालचं काही राहिलं नव्हतं. प्रेसची बेअरिंगं गंजली ती मी महिनाभर रॉकेलने धूत होतो.

पुढच्या वर्षी तिने ते टेबल प्लेटवर काढलं. बत्तीस सेंटिमीटर बाय चोवीस. नुसतं टेबल, त्यावरचा ढीग, मागच्या भिंतीवर पाण्याची रेषा. सॅकला तिने सगळ्यांत जास्त वेळ दिला. पट्टे लोंबत होते, चेन अर्धी उघडी होती. प्रिंटमध्ये ती सॅक इतकी काळी यायची की भरलेली वाटायची.

त्या प्लेटवरून सहा प्रिंट निघाल्या. एकदम नाही, लागतील तशा. तिची तीच पद्धत होती: मागणी आली की रविवारी एक काढायची, सही करायची, आकडा घालायचा. पहिली तिच्या जुन्या सरांना दिली. दुसरी, चौथी आणि पाचवी पुण्याच्या प्रदर्शनातून गेल्या. तिसरी तिच्या मुरगूडच्या मैत्रिणीला. सहावी एका डॉक्टरांना, त्यांनी ती दवाखान्यात लावली. दर वेळी मुलगी विचारायची, "माझी?"

"पुढची तुझी."

"मागच्या वेळीपण हेच म्हणालीस."

"अगं, तू घरचीच की. तुझी कुठं पळून चाललीय?"

सहाव्या वेळी मुलगी तिकडे पुण्यात नोकरीला लागलेली होती. फोनवर म्हणाली, "आई, दहावी झाली ना तरी तू म्हणशील, पुढची तुझी." दोघी खूप हसल्या. मी चाकापाशी होतो. ऐकू येत होतं.

त्यानंतर चार महिन्यांनी शाळेत बायकोचं डोकं दुखायला लागलं. मेंदूत रक्तस्राव. चार दिवस दवाखान्यात होती. त्या चार दिवसांत मी मॉनिटरवरचे आकडे औषधांच्या चिठ्ठीच्या मागे लिहीत होतो, दर अर्ध्या तासाने. कुणी सांगितलं नव्हतं. चिठ्ठ्या अजून आहेत.

लोक म्हणायचे, रडून घ्या, बरं वाटेल. मी प्रयत्न केला नाही असं नाही. पंधरा दिवसांनी कामावर गेलो. पहिल्या दिवशी बासष्ट नमुने तपासले, एकही चुकला नाही. घरी येऊन डबा धुतला. मला काही वाटत नव्हतं, आणि वाटत नाही याची काळजीही वाटत नव्हती. मागची खोली बंद होती. तिथे जायचं काही कारण नव्हतं.

मग या उन्हाळ्यात मुलीचा फोन आला. ती पुण्यात दोन मैत्रिणींबरोबर भाड्याने राहते.

"पप्पा, घरमालक काकांनी भिंतीत एक खिळा मारू दिला."

"बरं."

"एकच. दुसरा मारला तर डिपॉझिटमधून कापणार म्हणाले. म्हणजे एकच चित्र लागणार. टेबल पाहिजे मला."

"ते शिल्लक नाही."

"प्लेट आहे ना? सहाच काढल्यात. सातवी माझी होती."

मी म्हटलं, बघतो. मला ते बरोबर की चूक हे ठरवता येईना. मी मुरगूडच्या मैत्रिणीला फोन केला. ती माझ्या बायकोबरोबर शिकलेली, स्वतः चित्रकार, आता मुलांचे चित्रकलेचे वर्ग घेते.

"छापा की," ती म्हणाली. "त्यात काय पाप हाय? खाली लिहायचं, तिच्या माघारी काढली. तिची सही तेवढी करायची न्हाय."

"आकडा?"

"सातच घालायचा. दहा तिनंच ठरवल्यात न्हवं? रविवारी मी येते. पुसायचं काम माझं."

"नको. वहीत सगळं आहे."

"वहीत पुसणं हाय?"

"आहे," मी म्हटलं.

वहीत होतं. 'पुसणे, १४ मि.' एवढंच.

का नको म्हणालो ते सांगतो. मुलीसाठी ती एक गोष्ट मी स्वतः करावी असं मला वाटलं. दुसरं कारण नव्हतं.

रविवारी सकाळी खोली उघडली. प्लेट वर्तमानपत्रात गुंडाळलेली होती. तांब्याला डाग पडू नयेत म्हणून तिने व्हॅसलिन लावून ठेवलं होतं, ते पिवळं पडून चिकट झालं होतं. रेघांमध्ये जुनी शाई वाळून बसली होती. आमच्याकडे फॅट मोजायच्या काचेच्या नळ्या असतात. नळी घाणेरडी असेल तर आकडा खोटा येतो. नवीन आलेल्या प्रत्येक माणसाला मी पहिल्या दिवशी हेच शिकवतो. तेव्हा मी त्या नळ्या धुवायला वापरतो तसा नायलॉनचा ब्रश आदल्या दिवशी विकत आणला होता, नवा कोरा. प्रयोगशाळेतला आणणं बरोबर नव्हतं.

आधी रॉकेल, मग साबणाचं कोमट पाणी. डाव्या वरच्या कोपऱ्यापासून सुरुवात केली, मी नेहमी तिथूनच करतो. गोल गोल घासत उजवीकडे, मग खाली. रेघांतली शाई निघेपर्यंत. वीस मिनिटं. इतकी स्वच्छ प्लेट मी या घरात कधी पाहिली नव्हती. पुसून वाळवली आणि पाण्याचा अंश राहिला का बघायला तिच्यावरून बोट फिरवलं. कुठे काही टोचलं नाही. मला ते चांगलंच वाटलं.

मग वहीप्रमाणे सगळं केलं. कागद चाळीस मिनिटं भिजवला. ब्लँकेटं तीन. स्क्रू दोन्हीकडे सव्वादोन. शाई चोळली, मलमलीने पुसली, चौदा मिनिटं, घड्याळ लावून. कागद ठेवला, चाक फिरवलं. एकट्याने फिरवताना ते नेहमीपेक्षा जड लागलं नाही.

कागद उचलला. टेबल आलं होतं. पण तिसऱ्या कार्बनखाली उमटलेल्या पावतीसारखं. सगळ्या रेघा होत्या आणि सगळ्या करड्या, बारीक. साय नव्हती. छापताना प्लेटवरचं डावं उजवीकडे येतं. उजव्या वरच्या कोपऱ्यात, जिथे सॅक यायची, तिथे चार-पाच केस पडल्यासारख्या रेघा होत्या.

मी वही पुन्हा तपासली. भिजवण्याची वेळ, दाब, ब्लँकेटं, शाईचा डबा. सगळं बरोबर होतं. मग मुरगूडला फोन केला आणि प्रिंट कशी आली ते सांगितलं.

"सहा खेपंत एवढी न्हाय झिजत," ती म्हणाली. "प्लेट आधी साफ कशानं केली?"

"ब्रशने."

"कसल्या ब्रशनं?"

"नायलॉनच्या. आम्ही नळ्या धुतो तो."

 "घासली?"

"हो."

"किती वेळ?"

"वीस मिनिटं."

"तिनं कधी ब्रश लावलेला बघितलाय का ओ तुम्ही? अठरा वर्षांत?"

मी आठवून बघितलं. "नाही."

"कापडानं टिपायची ती. लेकराचं नाक पुसावं तशी."   मी फोन ठेवला.

मी तिथे स्टुलावर बसलो. घड्याळात साडेअकरा झाले होते. साडेबाराला भात लावला. दोन वाट्या लावला, पूर्वीच्या मापाने, आणि तो संध्याकाळपर्यंत खाल्ला.

मंगळवारी ती आली. मुरगूडच्या एसटीने, चादरीत गुंडाळलेली काच मांडीवर घेऊन. तिच्याकडची तिसरी प्रिंट तिने फ्रेमसकट आणली होती. माझी प्रिंट तिने तिच्या शेजारी ठेवली आणि एकदाच बघितली. मग भिंग घेऊन प्लेट उजेडाला धरली.

"झोपलंय सगळं कुसळ. उजव्या खालच्या कोपऱ्यात थोडं हाय, तिथवर तुमचा हात दमला आसंल." भिंग खाली ठेवलं. "आईका. रेघा हायत अजून. त्याच रेघेतनं मी परत सुई नेते. चार दिवसांचं काम. कुसळ परत उठतंय. पोरीला कळणार न्हाय."

"मला कळेल."

"तुम्हांला आजवर काय कळालं हो त्यातलं?"

ती रागाने बोलली नव्हती, मला वाईटही वाटलं नाही. तो खरा प्रश्न होता. मी म्हटलं, "सुई तिची नव्हती हे कळेल. आणि खाली सात लिहायचा तो मला लिहावा लागेल."

 "बरं," ती म्हणाली. "मग ही तिला द्या. माझी. माझ्या घरात बघायला आता कोण हाय?"

जाण्याआधी तिने मला पुसणं दाखवलं. प्लेटवर नव्हे, ओट्याच्या फरशीवर थोडी शाई फासून. मलमलीने नुसती वरची उचलायची, मग तळहाताला खडूची भुकटी लावून तळव्याची कड हलकेच फिरवायची. "दाबायचं न्हाय. मांजराच्या पाठीवरनं फिरवतासा तसं." मी सहा वेळा केलं. सहाव्या वेळी ती म्हणाली, "चाललं." बायकोचं काम होतं ते, चौदा मिनिटं कशात जायची ते मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. अठरा वर्षं मी त्या वेळात चाकाशी उभा राहून घड्याळ बघत होतो.

मुलगी शनिवारी आली. फोनवर सांगायचं मी दोनदा ठरवलं होतं, पण दोन्ही वेळा तिनेच दुसरं काही बोलायला घेतलं. टेबलावर मी सगळं मांडून ठेवलं होतं. मैत्रिणीची प्रिंट, माझी प्रिंट, प्लेट, ब्रश. मी क्रमाने सांगितलं. काही गाळलं नाही. वीस मिनिटं हेही सांगितलं.

तिने माझी प्रिंट उचलली. "सॅक कुठंय?"

"ही."

"ही सॅक?" तिने कागद जवळ धरला, लांब धरला. "पप्पा, कुकर घासता तसं घासलंत होय?"

"हो."

ती हसली. मग हसायची थांबली आणि प्रिंट खाली ठेवली.

"ही मावशीने तुझ्यासाठी ठेवलीय," मी म्हटलं.

तिने फ्रेम उलटी केली. मागे पेन्सिलीने तिच्या आईचं अक्षर होतं. पुरानंतर दोन्ही खोल्या धुवायला आलीस, म्हणून. "ही मी कशी घेऊ?" ती म्हणाली. "मावशीची आहे ही. परत द्या." मग माझी प्रिंट पुन्हा पुढे ओढली. "ठीक आहे. यावरच सात लिहा."

"सात लिहिता येणार नाही."

"का?"

"दहाही सारख्या असायला लागतात. ही तशी नाही. त्या सहा जणांकडच्या प्रिंटवर पेन्सिलीने जे लिहिलंय ते यामुळे खोटं ठरतं."

"मग काय लिहिणार?"

"काही नाही. एडिशन सहावर संपली."

"म्हणजे माझी नाहीच."

"नाही," मी म्हटलं. एखाद्या गवळ्याला त्याचा कॅन परत न्यायला सांगताना माझा आवाज असतो तसाच आला. मला दुसरा आवाज सापडला नाही.

ती उठून आत गेली. मी चहा ठेवला. दोन कप. ती बाहेर आली तेव्हा तिचं तोंड धुतलेलं होतं. चहा घेता घेता तिने प्लेट स्वतःकडे ओढली आणि हळूच बोट फिरवलं.

"मग ही रद्द करायला लागेल ना?" ती म्हणाली. "आई करायची."

ते मला सुचलं नव्हतं. पण बरोबर होतं. एडिशन संपली की प्लेट तशीच ठेवत नाहीत.

मी मागच्या खोलीतून सुई आणली. मुठीला बायकोने जुन्या ओढणीची पट्टी गुंडाळलेली, शाईने काळी झालेली. अठरा वर्षांत मी ती सुई कधी हातात धरली नव्हती. डावा वरचा कोपरा, तिथून सुरुवात केली. सुई सॅकच्या जागेवरून घसरली.

"दाबून, पप्पा."

दाबून ओढली. तांबं किती कठीण असतं हे मला तेव्हा कळलं. पहिली रेघ मधे वाकडी झाली. दुसरी, उजव्या कोपऱ्यापासून, बरी आली. मनगट दुखायला लागलं. एका सॅकला बायको तीन रविवार बसली होती.

पुरावा काढायचा तर पद्धतीप्रमाणे काढायचा. कागद भिजवला. या वेळी शाई मी लावली आणि मीच पुसली, मलमलीने आणि मग तळव्याने. घड्याळ लावलं नाही, त्यामुळे वेळ वहीत नाही. चाकाशी मुलगी उभी राहिली.

"किती फेरे?"

"अडीच. मधे थांबायचं नाही."

"माहितीय. ऐकतच मोठी झाले."

तिने फिरवलं. मी ब्लँकेटं उलटली आणि कागदाचे दोन कोपरे धरून उचलला.

टेबल तसंच होतं, करडं, धुऊन निघालेलं. त्यावर दोन रेघा होत्या, एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत, एक वाकडी आणि एक बरी. त्या काळ्याभोर होत्या. दोन्ही काठांनी साय धरलेल्या. बघितलं की हात लावावासा वाटेल अशा.

"ह्या एवढ्या काळ्या कशा काय?" मुलगी म्हणाली.

"नव्या आहेत. कुसळ आहे त्यांना."

 मी कागद ठेवायला जागा बघत होतो.

"ही माझी," ती म्हणाली.

"ही रद्द केल्याची आहे. हिला आकडा नसतो. ही कुणी भिंतीवर लावत नाही, फाइलला ठेवतात."

"खिळा माझा हाय की," ती म्हणाली.

 मी पेन्सिल घेतली. डाव्या बाजूला, जिथे आकडा येतो, तिथे लिहिलं: प्लेट रद्द. उजव्या बाजूला सहीची जागा असते, ती मोकळी ठेवली. मुलगी म्हणाली, तिथं तुमची करा, रेघा तुम्ही काढल्यात. मी केली. चेकवर करतो तशीच आली.

प्रिंट वाळायला दोन दिवस लागतात. तिने सोमवारची रजा टाकली. मंगळवारी पहाटेच्या गाडीने ती दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून घेऊन गेली. मैत्रिणीची फ्रेम मी चादरीत गुंडाळून ठेवली आहे, येत्या रविवारी मुरगूडला नेऊन द्यायची आहे. माझी पहिली प्रिंट कपाटात सपाट ठेवली आहे. तिचं काय करायचं ते ठरवलेलं नाही. सहा जणांना पत्रं लिहिली, एडिशन दहाची नाही, सहाचीच झाली, म्हणून. डॉक्टरांचं उत्तर आलं. बाकीची यायची आहेत.

वहीत त्या प्लेटच्या पानावर शेवटची ओळ लिहिली. मग प्लेट साफ करायला घेतली. रॉकेलमध्ये कापड भिजवून नुसतं टिपत गेलो, घासलं नाही. आता तसं करून काही उपयोग नव्हता. तरी तासभर टिपलं. मग बोट फिरवलं. दोन्ही रेघांवर टोचलं.